विश्लेषण : अंघोळीच्या पाण्याचा कार्बन किती? शहरांचा हिशेब लिंबागणेशच्या चुलवणाला का लागू पडत नाही?

न्यूयॉर्कमधल्या मोठ्या इमारतीने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कार्बन हवेत सोडला, तर मालकाला दंड भरावा लागतो. या कार्बनचा मोठा भाग खोल्या उबदार ठेवण्यासाठी आणि पाणी तापवण्यासाठी जाळलेल्या इंधनातून येतो. बीड तालुक्यातल्या लिंबागणेशसारख्या गावात खोल्या कोणी तापवत नाही. पण हिवाळ्यात पहाटे अंगणातले चुलवण पेटते, बंबातून धूर निघतो आणि घरातल्या प्रत्येकाच्या अंघोळीचे पाणी तापते. ही घरगुती उष्णताच. तिच्यातून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो कसा मोजायचा आणि त्या आकड्यावर कोणाचे पैसे अवलंबून आहेत, याचे हे विश्लेषण.

इमारती तापवण्यातला कार्बन शहरे कसा मोजतात?

ढोबळमानाने तीन पद्धती आहेत.

पहिली बिलांची. शहरात किती गॅस, किती तेल आणि किती वीज विकली गेली, याचे आकडे कंपन्यांकडून घ्यायचे. प्रत्येक इंधनाला ठरलेल्या गुणकाने गुणायचे. उदाहरणार्थ, १ किलो एलपीजी जळाला की साधारण ३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इंधनातला कार्बन हवेतला ऑक्सिजन घेतो, म्हणून धुराचे वजन इंधनापेक्षा जास्त भरते. या हिशेबाने १४.२ किलोच्या एका घरगुती सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड येतो.

दुसरी पद्धत थंडीच्या हिशेबाची. समजा बाहेरचे तापमान १८ अंशांच्या खाली गेले की घर तापवावे लागते. एखाद्या दिवसाची सरासरी ८ अंश असेल, तर त्या दिवसाच्या खात्यात १० अंक जमा होतात. वर्षभराचे असे अंक, इमारतीचे क्षेत्रफळ, भिंतींचा प्रकार आणि बांधकामाचे वय एकत्र केले की त्या इमारतीला किती इंधन लागेल, याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात केविन गर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हेस्टिया’ प्रकल्पात रस्तानिहाय आणि इमारतनिहाय उत्सर्जनाचा नकाशा तयार केला. त्याची मांडणी २०१२ मध्ये जाहीर झाली.

तिसरी पद्धत हवेतून मोजण्याची. उंच मनोऱ्यावर संवेदक बसवतात. हवेचे झोत वर-खाली कसे जातात आणि प्रत्येक झोतात किती कार्बन डायऑक्साइड आहे, हे संवेदक सेकंदाला अनेकदा टिपतो. त्यावरून खालच्या वस्तीतून एकूण किती वायू वर येतो, ते काढता येते. अलीकडच्या वर्षांत पॅरिस, म्युनिक आणि झुरिक या युरोपीय शहरांत अशा मोजणीच्या पद्धती एकत्र वापरून पाहण्यात आल्या.

हे आकडे किती बरोबर असतात?

वाटते तितके नाहीत. गर्नी यांच्याच गटाने २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ४८ शहरांनी स्वतः जाहीर केलेले आकडे तपासले. शहरांनी आपले उत्सर्जन सरासरी १८.३ टक्क्यांनी कमी दाखवल्याचे त्यात आढळले. काही शहरांचा आकडा खूपच कमी होता, तर काहींचा उलट जास्त होता.

या शहरांकडे मीटर आहेत, बिले आहेत, इमारतींच्या नोंदी आहेत. तिथे एवढी तफावत येत असेल, तर जिथे इंधनाला बिलच नाही तिथल्या हिशेबाचे काय, हा पुढचा प्रश्न आहे.

आकडा चुकला की निर्णयही चुकतो. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये केलेल्या ‘लोकल लॉ ९७’ या कायद्यात २५ हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या बहुतेक इमारतींना उत्सर्जनाची मर्यादा घालून दिली आहे. २०२४ पासून ती लागू झाली. मर्यादेवरच्या प्रत्येक टनाला २६८ डॉलर दंड आहे. म्हणजे टनाची मोजणी थेट खिशाशी जोडली गेली.

महाराष्ट्रातल्या शहरांचे काय?

मुंबईने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०१९ या वर्षासाठी शहराचे उत्सर्जन सुमारे २.३४ कोटी टन धरले आहे. त्यातला जवळपास ७२ टक्के वाटा ऊर्जेचा, म्हणजे मुख्यतः इमारतींत वापरली जाणारी वीज आणि इंधनाचा आहे. मात्र मुंबईत हा खर्च खोल्या तापवण्यावर होत नाही. पंखे, एसी, दिवे, लिफ्ट, स्वयंपाक आणि गिझर यांवर तो होतो.

आपल्याकडे इमारतीतली उष्णता म्हणजे प्रामुख्याने स्वयंपाक आणि अंघोळीचे पाणी. पुणे महापालिका सौर ऊर्जा, गांडूळ खत आणि पावसाचे पाणी साठवण्याचे प्रकल्प असलेल्या मिळकतींना करात ५ ते १० टक्के सवलत देते. गच्चीवरचे सौर बंब त्यामुळेही वाढले. शहरात गिझरचे मीटर आहे, पाइप गॅसचे मीटर आहे आणि सिलिंडरची पावती आहे. त्यामुळे निदान मोजायला सुरुवात कुठून करायची, हे स्पष्ट असते.

लिंबागणेशमध्ये अडचण कुठे येते?

बालाघाटच्या डोंगररांगेतले हे गाव भालचंद्र गणपतीच्या मंदिरासाठी ओळखले जाते. या भागात सरपण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या, वेड्या बाभळीच्या फांद्या, बांधावरची वाळलेली लाकडे आणि गोवऱ्या. यातले बरेचसे विकत घेतले जात नाही. ते शेतातून, ओढ्याकाठून, पडीक जमिनीवरून गोळा होते. पावती नाही, मीटर नाही. बिलांची पद्धत इथेच थांबते.

थंडीच्या अंकांची पद्धतही चालत नाही. तीत बाहेरची थंडी आणि घराच्या भिंती यांचा संबंध लावलेला असतो. अंघोळीचे पाणी मात्र भिंतींवर अवलंबून नसते. घरात माणसे किती, बादल्या किती आणि पाणी किती गार, यावर त्याचा हिशेब ठरतो.

मग एका घराचा हिशेब कसा मांडायचा?

समजा घरात पाच माणसे आहेत. प्रत्येकाला २० लिटरची एक बादली, म्हणजे रोज १०० लिटर पाणी लागते. हिवाळ्यातले पाणी १८ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवायचे आहे. २४ अंशांच्या या वाढीला सुमारे १० मेगाज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत ही साधारण २.८ युनिट. दीड किलोवॉटचा रॉड पाण्यात जवळपास दोन तास सोडावा, एवढी ही उष्णता.

पाण्यात उतरलेली उष्णता सगळीकडे सारखीच. फरक पडतो तो वाया किती जाते आणि इंधन कोणते, यात. ढोबळ हिशेब असा :

- विजेचा गिझर : थोडी उष्णता वाया जाते, म्हणून सुमारे ३.१ युनिट वीज. देशातल्या ग्रीडच्या एका युनिटमागे सध्या सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो. रोजचे उत्सर्जन सुमारे २.२ किलो. वीज घरापर्यंत येताना होणारी गळती धरली, तर आणखी जास्त.

- एलपीजी शेगडी : ज्योतीची ६० टक्के उष्णता पाण्यात गेली असे धरले, तर सुमारे ३५० ग्रॅम गॅस. रोजचे उत्सर्जन सुमारे १ किलो.

- तीन दगडांची चूल किंवा साधे चुलवण : १५ टक्केच उष्णता पाण्याला मिळते असे धरले, तर सुमारे ४.३ किलो लाकूड. रोजचे उत्सर्जन सुमारे ७.५ किलो.

- बंब : मधल्या नळीतून आच जाते आणि चारही बाजूंनी पाणी असते, त्यामुळे उष्णता कमी वाया जाते. निम्मे लाकूड लागले असे धरले, तर सुमारे ३.७ किलो.

- सौर बंब : तो तयार करताना झालेले उत्सर्जन सोडले, तर रोजचे जवळपास शून्य. ढगाळ दिवसांत मात्र दुसरी सोय लागते.

गिझरला धूर नसला तरी त्याचा धूर दुसरीकडे निघतो. बीड जिल्ह्यातच परळीला कोळशावर चालणारे औष्णिक वीज केंद्र आहे. ग्रीडमध्ये सगळ्या केंद्रांची वीज एकत्र होते. त्यामुळे आपल्या बटणामागची वीज नेमक्या कोणत्या चिमणीची, हे सांगता येत नाही. म्हणून देशाची सरासरी वापरतात. त्यातही एक मेख आहे. अंघोळीची वेळ पहाटेची आणि सौर वीज दुपारची. सूर्य उगवण्याआधी गिझर लावणाऱ्याच्या वाट्याला सरासरीपेक्षा जास्त कोळसा येण्याची शक्यता असते.

चुलीचा धूर सर्वाधिक, तरी हिशेबात शून्य कसा?

वरच्या यादीत चूल सर्वांत पुढे आहे. तरीही शहरांच्या आणि देशांच्या अधिकृत हिशेबात लाकडाच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या एकूण बेरजेत धरत नाहीत. तो वेगळ्या रकान्यात फक्त माहितीसाठी लिहितात.

यामागे कारण आहे. झाड वाढताना हवेतूनच कार्बन घेते. पऱ्हाटीतला कार्बन गेल्या पावसाळ्यात हवेतच होता. ती जाळली की तो परत हवेत जातो. पुढच्या वर्षी पुन्हा कापूस लावला की नवी पऱ्हाटी तो पुन्हा घेते. कोळशाचे तसे नाही. त्यातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता, तो हवेत नव्याने मिसळतो.

झाडच तुटले आणि परत वाढले नाही, तर ती घट जमीन आणि वनांच्या खात्यात दिसेल, असे या पद्धतीत गृहीत धरलेले असते. नियम म्हणून ते बरोबर आहे. एकच कार्बन दोन खात्यांत मोजला जाऊ नये, हा त्याचा हेतू.

प्रत्यक्षात ती घट दुसऱ्या खात्यात पकडली जाणे अवघड असते. देशाच्या वनक्षेत्राच्या नकाशात किमान १ हेक्टरचा झाडोरा नोंदला जातो. बांधावरच्या सुट्या झाडांचा अंदाज नमुना पाहणीतून काढतात. मराठवाड्यात वनक्षेत्र मुळातच तुटपुंजे आहे. सरपण येते ते बहुतेक बांधावरून, ओढ्यावरून आणि पडीक जमिनीवरून. एका गावच्या बांधावरची दहा बाभळी गेल्या, तर त्या नकाशावर कुठेही दिसत नाहीत.

म्हणजे खरा आकडा कशावर ठरतो?

एका वाट्यावर. जाळलेल्या लाकडापैकी किती पुन्हा उगवून येते आणि किती येत नाही, हा तो वाटा. तज्ज्ञ त्याला ‘पुन्हा भरून न येणाऱ्या जैवइंधनाचा वाटा’ म्हणतात.

वरच्या उदाहरणातली चूल घेऊ. सगळे सरपण पऱ्हाट्या आणि पुन्हा फुटणाऱ्या फांद्यांचे असेल, तर हा वाटा शून्य. मग रोजच्या ७.५ किलोंपैकी हवेत नव्याने भर घालणारे उत्सर्जन शून्य. वाटा ३० टक्के असेल, तर उत्सर्जन सुमारे २.२ किलो, म्हणजे गिझरइतकेच. वाटा ९० टक्के असेल, तर ६.७ किलोंच्या पुढे.

चूल तीच, लाकूड तेवढेच, पाणीही तेवढेच. आकडा मात्र शून्यापासून पावणेसात किलोंपर्यंत कुठेही जाऊ शकतो.

वेडी बाभूळ याचे चांगले उदाहरण आहे. ती तोडली की बुंध्यातून पुन्हा फुटते. तिच्या फांद्या जाळल्या, तर काही वर्षांत कार्बन परत झाडात जातो. कडुनिंब किंवा जुनी गावठी बाभूळ मुळासकट गेली आणि जागी काही लावले नाही, तर तो कार्बन परत येत नाही. धूर पाहून दोन्हींतला फरक कळत नाही.

जगभराचा अंदाज २०१५ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. २००९ मध्ये जगात तोडलेल्या जळाऊ लाकडापैकी २७ ते ३४ टक्के लाकूड भरून न येणारे होते, असे त्यात म्हटले होते. ही जगाची सरासरी झाली. गावागावांत फरक मोठा असतो.

हा तपशील एवढा महत्त्वाचा का?

कारण त्यावर पैसे मिळतात. सुधारित चुली वाटणारे प्रकल्प ‘आम्ही इतके टन कार्बन वाचवला’ असा दावा करतात आणि तेवढी कार्बन क्रेडिट विकतात. कुठली तरी कंपनी ती विकत घेऊन आपल्या उत्सर्जनाच्या वजाबाकीत दाखवते.

पुन्हा आपलेच घर घेऊ. हिवाळ्याचे १२० दिवस धरले, तर साध्या चुलीला सुमारे ५१६ किलो लाकूड लागेल. नव्या चुलीने ते निम्मे झाले, तर २५८ किलो लाकूड वाचले. वाटा ९० टक्के धरला, तर बचत सुमारे ४०५ किलो कार्बन डायऑक्साइड. वाटा ३० टक्के धरला, तर फक्त १३५ किलो. एक काडीही इकडची तिकडे न होता विकायला मिळणारी क्रेडिट तिप्पट होतात.

ही केवळ कागदावरची शंका नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासलेल्या चूल प्रकल्पांना प्रत्यक्ष बचतीच्या सुमारे ९.२ पट क्रेडिट मिळाल्याचा निष्कर्ष काढला. लाकडाचा हा वाटा फुगवून धरणे हे त्यातले एक मोठे कारण. नवी चूल किती दिवस वापरली आणि जुनी खरेच बंद झाली का, हे नीट न मोजणे हे दुसरे.

भारतानेही जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित केली. देशातला बाजार उभा राहत असताना गावच्या चुलीचा आकडा कोण आणि कसा काढतो, याला म्हणूनच महत्त्व आहे. आकडा फुगला तर विकत घेणाऱ्याचा धूर कागदावर पुसला जातो, हवेत तो तसाच राहतो. उलट बाजूने, आकडा शून्य धरला तर चुलीपुढे बसणाऱ्या बाईसाठी पैसे खर्च करायला कोणाकडे कारण उरत नाही.

उज्ज्वला योजनेने चूल गेली नाही का?

पूर्ण गेली नाही. पंतप्रधान उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. आतापर्यंत १० कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. लाभार्थ्यांनी वर्षाला भरून घेतलेल्या सिलिंडरची सरासरी २०१९-२० मध्ये ३ होती. ती वाढून २०२४-२५ मध्ये साडेचारच्या जवळ आली आहे.

आता वरचा हिशेब त्याला लावून पाहा. पाच जणांच्या घराने फक्त अंघोळीचे पाणी गॅसवर तापवले, तर रोज ३५० ग्रॅम गॅस लागतो. हिवाळ्याच्या १२० दिवसांत ४२ किलो, म्हणजे जवळपास ३ सिलिंडर. वर्षाला साडेचार सिलिंडर घेणाऱ्या घराने त्यातले तीन अंघोळीला घालवले, तर स्वयंपाकाला उरतो दीड.

साहजिकच चहा आणि भाजी गॅसवर, भाकरी कधी गॅसवर कधी चुलीवर आणि पाणी चुलवणावर, अशी विभागणी होते. गॅस आला तरी पाणी तापवण्याचे काम चुलीकडेच राहते.

सरकारी पाहण्यांत हे दिसत नाही का?

प्रश्न कसा विचारला, यावर ते अवलंबून आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातली सुमारे ८० टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरतात. देशाचा आकडा सुमारे ५९ टक्के आहे. पण या पाहणीतला प्रश्न स्वयंपाकाच्या मुख्य इंधनाचा आहे. २०११ च्या जनगणनेतही स्वयंपाकाचेच इंधन विचारले होते.

गॅसवर भाजी आणि चुलवणावर पाणी, असे घर या पाहणीत ‘स्वच्छ इंधनाचे घर’ म्हणून मोजले जाते. त्याच्या अंगणातले रोजचे चार किलो सरपण कुठेच येत नाही.

बीड जिल्ह्यात आणखी एक गुंता आहे. दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाणी तापवण्याचे नेमके महिने ती कारखान्याच्या पट्ट्यातल्या कोपीत काढतात. तिथे तीन दगड मांडून पहाटेच्या अंधारात पाणी तापते, सरपण तिथलेच. घराला कुलूप असताना गावात पाहणी झाली, तर गावचा आकडा कमी येईल. आणि कोपीत पाहणी होतेच असे नाही. शहरांच्या हिशेबात ‘हे उत्सर्जन कोणाच्या हद्दीत धरायचे’ असा वाद विजेवरून होतो. इथे तोच प्रश्न माणसांच्या स्थलांतराने उभा राहतो.

हवेत यंत्र लावून हा प्रश्न सुटेल का?

काही प्रमाणात. हवेतला कार्बन जुना की नवा, हे रेडिओकार्बनने ओळखता येते. सजीवांत कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अत्यल्प प्रमाणात असतो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. कोळसा, पेट्रोल आणि एलपीजी इतके जुने आहेत की त्यांत तो उरलेलाच नसतो. त्यामुळे हवेच्या नमुन्यात वाढलेला कार्बन डायऑक्साइड कोळसा-तेलाचा किती आणि लाकूड-पाल्याचा किती, हे प्रयोगशाळा सांगू शकते. परदेशातल्या शहरांत ही पद्धत वापरली जाते.

लहान गावात मात्र अडचणी आहेत. गावाभोवतीची शेती आणि माती स्वतःच कार्बन घेते व सोडते. त्या चढउतारात काही शे चुलींचा धूर वेगळा काढणे कठीण जाते. शिवाय हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, म्हणून धूर वर न जाता गावावरच पसरून राहतो. अशा स्थितीत मनोऱ्यावरचे यंत्र त्या तासाचे उत्सर्जन नीट पकडू शकत नाही.

सर्वांत मोठी मर्यादा वेगळीच आहे. ‘हा कार्बन लाकडाचा आहे’ एवढे रेडिओकार्बन सांगते. ज्या झाडाचे लाकूड जळले, ते पुन्हा फुटले की नाही, हे कोणतेही हवेतले यंत्र सांगू शकत नाही.

मग गावात मोजायचे कसे?

त्यासाठी मनोऱ्याची गरज नाही. ताणकाटा, थर्मामीटर आणि वही पुरते. चुलींच्या अभ्यासात वापरली जाणारी पद्धत साधी आहे.

- घरातले सरपण सकाळी तोलायचे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले तोलायचे. असे सलग किमान तीन दिवस.

- स्वयंपाकाचे आणि पाणी तापवण्याचे सरपण वेगळे ठेवायचे. बहुतेक पाहण्यांत नेमके हेच राहून जाते.

- लाकूड ओले की वाळलेले, याची नोंद करायची. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातलेच पाणी उडवण्यात जाते.

- पऱ्हाट्या, तुराट्या, फांद्या, ओंडके आणि गोवऱ्या यांचे वजन वेगवेगळे लिहायचे.

- उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा, तिन्ही ऋतूंत मोजणी करायची. ऊसतोडीला गेलेल्या घरांची मोजणी कोपीवर करायची.

- चुलीजवळ तापमान नोंदवणारा छोटा संवेदक ठेवला, तर ती दिवसातून किती वेळ पेटते ते आपोआप कळते. तोंडी उत्तरांपेक्षा ही नोंद भरवशाची.

- ओंडके जिथून आले, त्या जागी सहा महिन्यांनी जाऊन बुंध्याला फुटवा आला का, ते पाहायचे.

शेवटची पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे आणि आकडा ठरतो तो तिच्यावरच. ती टाळून दुसऱ्या कुठल्या प्रदेशाची सरासरी लावली की पुढचे सगळे गणित बरोबर असूनही उत्तर चुकते.

धुराचा प्रश्न फक्त कार्बनचा आहे का?

नाही. पऱ्हाट्यांचा कार्बन हिशेबात शून्य धरला, तरी धुरातले सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड शून्य होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या प्रदूषित हवेमुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. अर्धवट जळलेल्या लाकडातून थोडा मिथेन आणि काजळीही निघते. त्यांचा तापमानवाढीतला वाटा लाकूड पुन्हा उगवले म्हणून पुसला जात नाही.

त्यामुळे ‘हवामानासाठी निरुपद्रवी’ आणि ‘आरोग्यासाठी निरुपद्रवी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुलवण उघड्या अंगणात असेल तर धूर कमी साचतो, न्हाणीच्या कोपऱ्यात असेल तर जास्त. त्यासमोर फुंकणी घेऊन बसते ती बहुतेक घरांत बाईच.

पर्याय कोणते?

सौर बंब हा मराठवाड्याच्या उन्हात सरळ पर्याय दिसतो. त्याला पाण्याची टाकी, पक्के छत, गोडे पाणी आणि सुरुवातीचे पैसे लागतात. क्षारयुक्त बोअरच्या पाण्याने नळ्या चोंदतात, ही नेहमीची अडचण. केंद्राची पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. छतावरच्या वीज पॅनेलना तीत कमाल ७८ हजार रुपये अनुदान आहे. पाणी तापवणारा सौर बंब त्यापेक्षा वेगळा आणि वीज न बनवता थेट उष्णता देणारा आहे. दोन्हींत गल्लत होते.

जिथे चूल राहणारच आहे, तिथे उघड्या चुलवणाऐवजी चांगला बंब वापरणे हा सर्वांत स्वस्त बदल ठरू शकतो. निम्मे सरपण वाचले, तर धूर कमी होतो आणि फांद्या तोडायच्या फेऱ्याही कमी होतात. वरच्या हिशेबात निम्मी बचत हे गृहीतक आहे. ते खरे किती, हेही ताणकाट्यानेच ठरवावे लागेल.

पुढे काय पाहायचे?

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. स्वयंपाकाच्या इंधनाबरोबर पाणी तापवण्याचे इंधनही कुठल्यातरी मोठ्या पाहणीत विचारले गेले, तर ग्रामीण महाराष्ट्राच्या उष्णतेचा पहिला नीट आकडा हाती येईल. गावात चूल प्रकल्प घेऊन कोणी आले, तर ग्रामसभेने तीन प्रश्न विचारायला हरकत नाही : आमच्या सरपणातले किती परत उगवत नाही असे तुम्ही धरले? ते इथे मोजले की दुसरीकडून उचलले? आणि विकलेल्या क्रेडिटमधले गावाला किती?

शहरांना त्यांच्या मीटरमुळे चुकीचा का होईना, पण एक आकडा मिळतो आणि त्यावर वाद घालता येतो. लिंबागणेशच्या पहाटेच्या धुराला अजून आकडाच नाही. तोवर तो कोणाच्या सोयीने शून्य धरला जाईल, तर कोणाच्या सोयीने तिप्पट.